चिअरलीडर ताईंना नावं आहेत

अन्याय झाला तो सहा जणींवर. कधी? २००८ सालच्या मे महिन्यात, अंतिम सामन्याच्या दुपारी, पहिला डाव संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळात. कुठे? भुईगावच्या वाटेवर, भात निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांचं मैदान करतात तिथे. कुणावर? वैशाली सावंत, गोखिवरे. जेसिंता परेरा, भुईगाव. सुगंधा पाटील, चिंचोटी. रूपाली मोरे आणि कविता जाधव, दोघी पुन्हा गोखिवऱ्याच्याच. सहावीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिनं लिहू नको म्हणून सांगितलंय. बाकीच्या पाच जणींनी ‘लिहीच’ म्हणून सांगितलंय. दोन्ही म्हणणी मला सारखीच मान्य आहेत.

यातली पहिली माझी सख्खी मोठी बहीण. तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. तटस्थ राहायला मी काय पंच आहे?

आता पुन्हा मे आलाय. शेतातली ढेकळं फोडून झाली. रोलर फिरतोय. मधल्या पट्टीवर संध्याकाळी पाणी मारतात तेव्हा तापलेल्या मातीचा जो वास सुटतो, तो वाऱ्यावर आमच्या वसई पूर्वेच्या बिल्डिंगांपर्यंत काही येत नाही. पण मला येतो. त्या वासाला चिकटून बाकीचं सगळं येतं. मोगऱ्याच्या मळ्याकडून येणारी झुळूक, तिच्या मागोमाग समुद्राकडून सुकटीचा दर्प, चुन्याची पांढरी रेघ, ताडगोळ्यांची टोपली, आणि मांडवाच्या खांबावर लावलेल्या भोंग्यातून आधी खरखर, मग फुंकर, मग ‘हॅलो, हॅलो, माईक चेक’.

वसईतल्या मैदानाबाहेरच्या माणसाला हा भोंगा कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे सामना नुसता खेळत नाहीत, तो बोलतात. मांडवात समालोचक बसतो आणि चेंडू-चेंडूला नावं घेतो. चौकार मारणाऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव. षटकाराला ज्यानं बक्षीस लावलं त्याचं नाव, गाव. बर्फाची लादी कुणी आणली, मांडवाचे बांबू कुणी दिले, पंचांना सरबत कुणाच्या घरून आलं, सगळ्यांची नावं, सगळ्यांची गावं. नाव-गाव ऐकलं की लोक टाळी वाजवतात. कोण माणूस, काय केलं, हे अर्ध्यांना ठाऊकही नसतं. हातांना सवय लागलेली असते. ज्याचं नाव आलं तो जागेवर उभा राहून नमस्कार करतो आणि त्या क्षणापासून तो या मातीतला असतो.

गंमत सांगते. माझे बाबा संगमेश्वरकडचे. नव्वदीच्या सुरुवातीला गोखिवऱ्यात फ्लॅट घेऊन आले. ताई तेव्हा शाळेत, मी तिच्या कडेवर. नळाला पाणी नसायचं, सगळा कारभार टँकरवर. एका मे महिन्यात मैदानावर मारायला पाणी मिळेना, तेव्हा बाबांनी ओळखीच्या टँकरवाल्याला तिकडे वळवलं. एवढंच. त्या संध्याकाळी भोंग्यातून आलं, “गोखिवरे इथून, सावंतसाहेब!” टाळ्या. बाबांना उभं राहायचं असतं हे ठाऊक नव्हतं, शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना दंडाला धरून उठवलं. आठवडाभर बाबा घरात, जिन्यात, दुधाच्या रांगेत सांगत होते, “माईकवर आलं आपलं नाव.” आई म्हणायची, “टँकर आला त्याचं नाही, माईकवर आलं त्याचं कौतुक!” पण गावाकडून कुणी आलं की तीच पहिल्यांदा हा विषय काढायची.

रेशनकार्डावर पत्ता बदलला म्हणून आम्ही वसईकर झालो नाही. त्या भोंग्यातून नाव निघालं तेव्हा झालो. ताईनं हे सगळं लहानपणी पाहिलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

मग आलं २००८. टीव्हीवर वीस षटकांची मोठी लीग सुरू झाली आणि सीमारेषेबाहेर चिअरलीडर आल्या. गोऱ्या मुली, हातात चमचमते गोंडे. झालं! देशाला दुसरं काम उरलं नाही. एका चॅनेलवर संस्कृतीवाले, ‘हे आपल्यात बसत नाही’. दुसऱ्यावर करमणूकवाले, ‘लोकांना हवंय ते देतो’. दोन्हीकडे बोलणारे पुरुष, आणि दोघांच्या मधल्या चौकटीत आवाज बंद करून नाचणाऱ्या मुली. मी टीव्हीला ओरडून विचारायचे, “अरे, तिचा आवाज सोडा की जरा!” आई म्हणायची, “तू आधी तुझा कमी कर.”

आमच्याकडेही त्याच वर्षी संघांना मालक आले. बिल्डर, टँकरवाले, फरशीवाले. हॉल घेऊन खेळाडूंचा लिलाव झाला. टेनिस चेंडूनं खेळणारी पोरं, पण बोली लागलेली, मानधन ठरलेलं, पाठीवर नाव छापलेला टी-शर्ट. कालपर्यंत वडापावावर खेळणारे व्यावसायिक झाले, मला आनंदच झाला. घामाला दाम मिळालाच पाहिजे, हे तर मी कॉलेजपासून पत्रकांवर छापत आलेय. आणि मालक आले म्हणजे चिअरलीडर आल्याच. त्यातल्या एका संघानं ताईला विचारलं. ताई तेव्हा गोखिवऱ्याच्या एका पॅकिंगच्या गाळ्यात काम करायची आणि संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर पोरींना नाच शिकवायची.

ती गच्ची! एप्रिलचं ऊन उतरलं तरी लादी उतरायची नाही. पोरी अनवाणी नाचायला लागल्या की तळवे भाजायचे, मग वरून बादलीभर पाणी ओतायचं, मग खालून सेक्रेटरी ओरडायचा, “पाणी काय तुमच्या बापाचं आहे?” ताई कठड्यावरून वाकून सांगायची, “हो काका, टँकर आमच्या बापानेच आणला होता!” गोंडे कशाचे केले सांगू? गाळ्यात खोक्यांना बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्यांचे. पट्टी दाभणानं चिरायची, चिरत चिरत केसासारखी बारीक करायची. बोटं कापायची. पण उन्हात धरला की गोंडा असा पेटायचा, जणू हातात पळसाचं झाड धरलंय.

आणि नाच? टीव्हीवरचा नव्हे बरं. ताईनं आमच्या शाळेतलं लेझीम घेतलं. बैठक, उडी, गिरकी, चौक. हातातलं लेझीम काढून गोंडा दिला आणि ताल तोंडानं धरला. सहा मुली एका दमात खाली बसतात आणि एका दमात जमिनीपासून सुटतात, तेव्हा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण हादरायचं. त्याला कुणी ‘कंबर हलवणं’ म्हणालं ना, तर त्यानं सलग दोन षटकं ते करून दाखवावं. मी करून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येत नव्हता.

स्कर्ट आखूड होता. होता! लपवू कशाला? मालकानंच शिवून पाठवला. त्यावर सहा जणींची गच्चीवर सभा झाली. रूपाली म्हणाली, “खाली काळी लेगिंग घालते मी, नायतर माझी आजी मैदानात येऊन झोडेल.” जेसिंता म्हणाली, “मी नाय घालणार, गरम होतं यार. बॅडमिंटन खेळते तेव्हा पण दिसतात माझे पाय, तेव्हा कोण मरत नाय.” शेवटी ज्या-त्या मुलीनं आपापलं ठरवलं. तिघींनी लेगिंग घातली, तिघींनी नाही. एवढा सोपा निकाल होता. टीव्हीवरच्या दोन्ही बाजूंना तो महिनाभर सापडला नाही.

टी-शर्ट मात्र खेळाडूंसारखेच, त्याच रंगाचे. फरक एक. खेळाडूच्या पाठीवर त्याचं नाव. माझ्या बहिणीच्या पाठीवर फरशीच्या दुकानाचं नाव.

खेळाडूंना कपडे बदलायला कनात होती. मुलींना? “बघा कुठेतरी.” तेव्हा जेसिंताच्या मावशीनं आपलं घर उघडलं. मैदानाला लागून केळीची बाग, बागेतून बोळ, बोळाच्या टोकाला मावशीचं कौलारू घर, दारावर क्रूस, ओटीवर सुकत घातलेले मसाले. आम्ही शिंकत शिंकत आत शिरायचो. मावशी ताडगोळे सोलून ताट भरून ठेवायची आणि एकेकीला धरून भरवायची. म्हणायची, “खावा गो, रिकाम्या पोटी उड्या मारल्यावर चक्कर येईल.” पहिल्या दिवशी तिनं स्कर्टकडे पाहिलं, कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस केला आणि म्हणाली, “देवा, यांचे गुडघे सांभाळ.” मला वाटलं लाजेचं काही बोलतेय. ती खरोखर गुडघ्यांचंच बोलत होती. मैदान कडक होतं.

पहिल्याच सामन्यात शिट्ट्या आल्या. शिट्टी समजू शकते, शिट्टी खेळाडूलाही मारतात. पण त्यासोबत जे शब्द आले ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी उच्चारले त्यांच्या घरी ते कुणी वाचून दाखवावेत अशी माझी फार इच्छा आहे. मांडवात समालोचक होते दत्तूभाऊ. मिठागराकडच्या गावातले, गेली कित्येक वर्षं हाच माईक, पांढरी टोपी, आवाज असा की लांबच्या बांधावरची म्हैससुद्धा मान वळवील. माणूस भला. ते शब्द ऐकून तेच कानकोंडे झाले. काय करावं सुचेना आणि माईकवर बोलून गेले, “तर मंडली, आता मैदानात येत आहेत आपल्या चिअरलीडर ताई!”

ताई! शिट्ट्या तिथल्या तिथे विझल्या. मग सगळं मैदान हसलं. बहिणीला शिट्टी कशी मारणार? दत्तूभाऊंचा डाव बरोबर बसला. त्या दिवसापासून त्या ‘चिअरलीडर ताई’ झाल्या. बारकी पोरं बोळातून पळत यायची, “ओ चिअरलीडर ताई, एक गोंडा द्या ना!” मीही हसले तेव्हा. ताई हसली नाही. ती म्हणाली, “मने, गप केलं त्यांनी लोकांना. पण मला पण गप केलं.”

आता अंतिम सामन्याची दुपार. पहिला डाव संपला आणि दत्तूभाऊ आभार मानू लागले. बॅण्डवाल्यांची नावं आली, ट्रम्पेटपासून मोठ्या ढोलापर्यंत एकेकाचं. रोलर ओढणाऱ्यांची आली. चुना टाकणाऱ्याचं आलं. सीमारेषेवर झोपणाऱ्या कुत्र्याला हाकलणाऱ्याचंसुद्धा आलं, आणि तो उभा राहून नमस्कार करून बसला. टाळ्या, टाळ्या. सहा जणी कनातीशेजारी उन्हात उभ्या, अंग घामानं निथळतंय. शेवटी आलं, “आनि आपल्या चिअरलीडर ताई!” झालं. पुढचा विषय.

ताई मांडवाकडे चालत गेली. मी मागे. दत्तूभाऊंनी माईकवर हात ठेवला.

“भाऊ, आमची नावं राहिली.”

“घेतलं ना पोरी. ताई म्हनालो.”

“ते नातं झालं. नाव वैशाली सावंत.”

“आगो, तुला कलत नाय. हिते कोन कोन बसलंय. नाव-गाव सांगितलं तं उद्या कोनी गोखिवऱ्यात येऊन उभा ऱ्हाईल. तुज्या भल्यासाठीच नाय घेत.”

“ऱ्हाईल त्याचं नाव घ्या मग माईकवर.”

मांडवातले हसले. आयोजकांपैकी एकजण म्हणाला, “मॅडम, मुलींची नावं अशी चारचौघांत घेत नाहीत. घरच्यांची अब्रू असते.”

ताई म्हणाली, “नाचताना चारचौघांत चालते. नाव घेताना जाते?”

त्यानं घड्याळ पाहिलं. दत्तूभाऊ खरंच कळवळून म्हणाले, “पोरी, मी बापासारका हाय तुला.” आणि ताई एवढंच बोलली, “माझ्या बापाचं नाव तुम्हीच घेतलं होतं, भाऊ. इथूनच.” त्यांना आठवलं की नाही देव जाणे. त्यांनी माईकवरचा हात काढला आणि दुसऱ्या डावाची घोषणा केली.

दुसरा डाव सुरू झाला. पहिलं षटक संपलं, गाणं लागायला हवं होतं. ताईनं गाणं लावणाऱ्याला हातानं थांब म्हटलं. सहा जणी एका ओळीत आल्या. मैदान गप्प, कारण गाणं का वाजत नाही हे कुणालाच कळेना. ताई लेझमीच्या बैठकीत खाली गेली, उसळून वर आली, दोन्ही गोंडे आभाळात, आणि भोंग्याशिवाय, नुसत्या छातीच्या जोरावर ओरडली,

“वैशाली सावंत! गोखिवरे!”

आणि टाळी वाजली!

कुणी ठरवून वाजवली नाही. नाव आलं, गाव आलं, हात आपोआप जुळले. इतक्या वर्षांची सवय ती. वाजवल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. तोवर दुसरी बैठक, दुसरी उसळी. “जेसिंता परेरा! भुईगाव!” आता तर गावचंच नाव, त्या बाजूनं टाळीबरोबर आरोळीही आली. “सुगंधा पाटील! चिंचोटी!” टाळी. “रूपाली मोरे! गोखिवरे!” टाळी. “कविता जाधव! गोखिवरे!” टाळी, आणि आता ती सवयीची राहिली नव्हती, लोक उभे राहू लागले होते.

मग सहावीची पाळी. ती नाचते हे तिच्या घरी ठाऊक नव्हतं. तिनं आधीच सांगितलं होतं, मी नाव घेणार नाही. दत्तूभाऊंना सगळ्याच जणींची काळजी एकदम वाटली होती. ज्या एकीला खरोखर धोका होता, तिनं स्वतःचं स्वतः ठरवलं होतं, कुणाला विचारायला न जाता. ती खाली गेली, उसळली, गोंडे वर धरले आणि तोंड मिटून उभी राहिली. बाकीच्या पाच जणींनी तिच्या नावाएवढी जागा तालात मोकळी सोडली. एवढ्या मोठ्या मैदानात शांतता. नाव नाही, गाव नाही, हातांना कळेना काय करायचं. तेव्हा केळीच्या बागेकडून एकटी टाळी आली, ओल्या हातांची, जाड. मावशी. तिच्या मागून सगळं मैदान.

माईक चालूच होता. टाळी संपली की ‘धन्यवाद, धन्यवाद’ म्हणायची दत्तूभाऊंच्या जिभेची सवय. ते म्हणाले, “धन्यवाद, धन्य...” आणि थांबले. आमच्यापैकी कुणाला हसू आवरेना.

त्या दिवशी कोण जिंकलं ते मला आठवत नाही. आठवावंसं वाटत नाही. बहीण घामानं भिजलेली, गुडघे मातीनं लाल, बोटांना पट्ट्यांचे चरे, आणि मान अशी ताठ की तिच्याबरोबर रिक्षात बसून घरी येताना मला वाटत होतं, रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगावं, ही माझी बहीण आहे. बाबांनी दार उघडलं. कुणीतरी आधीच येऊन सांगून गेलं होतं. बाबा म्हणाले, “माईकशिवाय?” ताई म्हणाली, “माईकशिवाय.” बाबा आत गेले, तिच्यासाठी पाणी घेऊन आले आणि ती पिऊन होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

मी ज्या महिला संघटनेत काम करते तिची त्याच सुमारास बैठक झाली. ज्येष्ठ ताई म्हणाल्या, “पत्रक काढूया, ‘चिअरलीडर हटवा’. बाजारानं बाईची बाहुली केलीय.” लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मी म्हटलं, बाजाराबद्दल तुमचं बरोबर आहे. पाठीवर फरशीचं दुकान छापलं तेव्हा तो बाजारच होता. पण हटवायचं तर दुकान हटवूया. मुलगी का हटवता? संस्कृतीवाला म्हणतो, घरी जा. मालक म्हणतो, नाच आणि गप्प राहा. आपणही तिला घरीच पाठवणार असू तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक शाईच्या रंगाचा. व्यावसायिक संघांना चिअरलीडर असाव्यात का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझं उत्तर छापून घ्या. असाव्यात, जर त्या संघात असतील तर. खेळाडूसारखा करार, खेळाडूसारखी कनात, काय घालायचं ते तिनं ठरवायचं, आणि पाठीवर तिचं नाव, तिला हवं असेल तर. एवढं जमत नसेल त्या संघानं चिअरलीडर ठेवू नयेत, त्यांनी भिंतीला झालरी लावाव्यात. झालर बोलत नाही, त्यांना तेच हवंय.

यंदाचा बॅनर परवा लागला. अंबाडी रोडच्या वळणावर, मी रोज त्याच्या खालून जाते. खेळाडूंचे फोटो, नावं. मालकांचे मोठे फोटो, मोठी नावं. कोपऱ्यात, ‘खास आकर्षण: चिअरलीडर’, आणि चार मुलींचं चित्र, मानेपासून खाली. वर जागा पुरली नाही म्हणे. ताईला यंदा बोलावलेलं नाही. “त्यांचा फार त्रास होतो,” असं आयोजक म्हणाले असं कळलं. मुली बाहेरून येणार, कंत्राटदारातर्फे. कुठल्या, कोण, आयोजकांनाही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. ताईला राग आला तो आपल्याला वगळल्याचा नव्हता. थोडा होता, खोटं कशाला सांगू. पण ती रात्रीच्या जेवणाला भाकरी मोडत म्हणाली, “आम्हाला ओरडायला निदान गाव होतं. त्या पोरी काय ओरडतील? त्यांना टाळी कशी मिळेल?”

त्याचं उत्तर द्यायचं काम मी तुमच्याकडे देतेय.

तुम्ही सामने बघायला जाणारच. जा. ऊन खा, ताडगोळे खा, पोरांना डोक्यावर घेऊन षटकार बघा. पण त्या मुली मैदानात आल्या आणि भोंग्यातून त्यांची नावं आली नाहीत, तर तुम्ही बांधावरून उठा. एकटे असलात तरी उठा. मांडवाकडे तोंड करा आणि मोठ्यानं विचारा, “यांची नावं काय?” उत्तर येईपर्यंत बसू नका. आणि जी म्हणेल ‘माझं नको’, तिच्यासाठी, काहीही न विचारता, टाळी वाजवा.